ठाणे ते कल्याण, एका तापट मशीनसोबत

आमच्या आळीत सध्या प्रवासवर्णनांची साथ आली आहे. शेजारचे वकील काश्मीरला जाऊन आले आणि त्यांनी तिथल्या चिनार वृक्षांचं वर्णन गणेशोत्सवात एवढं लांबवलं की आरतीचं तूप गोठलं. समोरच्या डॉक्टरांच्या मातोश्री बद्रीकेदार करून आल्या, त्यांचं ऐकणं अजून चालूच आहे. मी ठाण्याहून कल्याणला जाऊन आलो. हसू नका. आगगाडीत पान लावून ते खाऊन संपेपर्यंत जे अंतर सरतं, त्याला मला चार दिवस लागले, त्यात एक अंगठा भाजला, एक छत्री खाडीला अर्पण झाली आणि माणसांचा असा संताप आला की तो अजून उतरलेला नाही. तेव्हा मीही लिहिणार.

ठाणे बंदर

माझी धाकटी बहीण कल्याणात पारनाक्याजवळ दिली आहे. तिने माडी बांधली आणि वडिलांच्या वेळचा शिसवी झोपाळा मागितला. द्यायला माझी ना नव्हती. पाट आणि पितळी कड्या हमालाच्या डोक्यावर देऊन मी स्टेशनात गेलो. पार्सलच्या खिडकीतल्या गृहस्थाने चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "हे फर्निचर की यंत्र?"

"झोपाळा आहे," मी म्हणालो.

"ते दिसतंय. पण कड्या आहेत म्हणजे हलतो. हलतो म्हणजे यंत्र. यंत्राची खिडकी पलीकडे."

पलीकडच्या खिडकीने सांगितलं की लाकूड आहे म्हणजे फर्निचर, आणि फर्निचर खोक्यात बंद करून आणावं लागतं. मी तांत्रिक शाळेत कार्यशाळेचा मास्तर आहे. यंत्र कशाला म्हणतात हे मी गेली कित्येक वर्षं पोरांना शिकवतो आहे. ते मी त्या खिडकीला शिकवायला लागलो तेव्हा मागच्या रांगेने मला बाहेर काढलं.

असा रागारागाने पाट घेऊन बंदरावर आलो. तिथे गोमा नाखवा भेटला. गोमाची बायको राधी आमच्या दारावर मासळी घेऊन येते, त्यामुळे या घरोब्याला बरीच वर्षं झाली आहेत. मुंब्र्याच्या डोंगरापलीकडे खाडीच्या काठी त्यांचं गाव आहे. गावाचं नाव मी मुद्दाम देत नाही, कारण तिथले पाटील वाचते आहेत आणि माझा पत्ता राधीला ठाऊक आहे. त्या गावाची माणसं पैलतीराला आणि ठाण्या-कल्याणच्या बाजाराला नेण्याचा हक्क गोमाच्या आज्यापासून त्याच्या घराण्याकडे आहे. लढाई संपल्यावर कल्याणच्या लष्करी छावणीतलं सामान लिलावात निघालं, तेव्हा गावाने मिळून होडीच्या मागे लावायचं एक मशीन घेतलं आणि गोमाच्या होडीला बसवलं. तेव्हापासून वल्ही आडवी पडली होती.

आज गोमा धक्क्यावर गुडघ्यात मान घालून बसला होता.

"काय रे गोमा, तोंड का पाडलंयस?"

"मशीन तापतं, मास्तर. गाव बोलतो मीच जाललाय. चोरून बाहेरच्या पान्यात नेतो म्हनं मासलीला. परवा पुनव. पुनवंला पंच बसनार नि होडीचा हक्क माज्याकडून काढून पाटलाच्या मेव्हन्याला देनार."

"आणि नेतोस का बाहेर?"

"आयची आन, नाय."

मशीन घेऊन तो ठाण्यात एका गॅरेजवाल्याकडे आला होता. त्या शहाण्याने जन्मात लॉऱ्यांपलीकडे काही पाहिलेलं नाही. त्याने मशीन उघडलं नाही, चालवून बघितलं नाही, नुसता वरून हात फिरवला आणि निकाल दिला, की हे ओढून चालवलंय, हे जळालंय. ते शब्द ऐकायला गावचा एक माणूस सोबत पाठवलेलाच होता. तो ऐकून आगगाडीने पुढे गेलासुद्धा. डॉक्टरने नाडी न बघता रोगी मेल्याचं सांगावं आणि घरच्यांनी तिरडी बांधायला घ्यावी, तसलाच हा प्रकार.

"चल," मी म्हणालो, "मला कल्याणला सोड. वाटेत तुझं मशीन मी बघतो."

हे मी अर्ध्या तासाच्या कामाच्या हिशेबाने म्हणालो होतो.

खाडी

ठाण्याहून पाण्याने कल्याणला कोणी जात नाही, म्हणून सांगतो. कळव्याचा पूल डोक्यावरून मागे गेला की शहर एकदम संपतं. दोन्ही अंगांना मिठागरं लागतात, पांढऱ्या ढिगांवर झावळ्या घातलेल्या. पुढे तिवरांची झाडी, तिच्या मुळांत निवट्या मासे चिखलावर उड्या मारतात, आणि उजवीकडे पारसिकचा डोंगर बराच वेळ तसाच उभा राहतो. कशेळीपाशी आपण मोठ्या खाडीत शिरतो. रेती काढणारे पडाव, म्हणजे बोजड होड्या, काठोकाठ भरून पाण्याशी टेकलेल्या दिसतात. त्यांवरची माणसं बुडी मारून बादलीने रेती वर काढतात आणि वर आल्यावर पहिल्यांदा विडी मागतात. वकीलसाहेबांना हे दाखवायला हवं. चिनार आयता उभा असतो, त्याला बुडी मारावी लागत नाही.

भरतीचं पाणी सोबतीला होतं. मशीन झकास चाललं होतं. मी त्याच्याकडे नीट बघून घेतलं. खाली पाण्यात पंखा आणि त्याच्या वरच्या बाजूला पाणी ओढून घेणारी भोकं. आतला पंप ते पाणी नळीतून वर चढवतो, वर दोन सिलिंडर एकावर एक आडवे बसवलेले असतात, त्यांच्या भोवती ते पाणी फिरतं, त्यांची उष्णता घेतं आणि बाहेर पडतं. उजव्या अंगाला, खालच्या सिलिंडरच्या बाजूला एक बारीक भोक होतं आणि त्यातून पाण्याची धार तिरपी खाडीत पडत होती. गोमा त्या धारेला जे म्हणतो ते मी इथे लिहीत नाही.

आणि मशीनला तोंड होतं. त्याच उजव्या अंगाला, वरच्या बाजूला, शेंदराचा सुपारीएवढा गोळा थापलेला होता आणि त्यावर चांदीचे दोन डोळे बसवलेले होते.

"हे काय?" मी विचारलं.

"देव," गोमा म्हणाला. त्यापुढे विचारण्यासारखं काही नव्हतं. आमच्या कार्यशाळेतल्या लेथलाही दसऱ्याला आम्ही झेंडू बांधतोच.

काल्हेरच्या जरा पुढे वास आला. मग मशीन धापा टाकू लागलं आणि गप्प झालं. मी बोट लावलं आणि लगेच काढलं. बोटावर फोड आला. मग शहाणपण सुचलं. ओंजळीतलं पाणी वरच्या सिलिंडरवर शिंपडलं, तर थेंब नाचत नाचत उडून गेले. खालच्यावर शिंपडलं, तर ते निवांत ओघळले. तिथे हात ठेवता येत होता, नुसतं कोमट.

आता माझा अर्धा तास सुरू झाला. मशीन वर उचलून घेतलं. पाणी ओढणाऱ्या भोकांत तिवराचं एक पान आणि कोलंबीची सालं अडकली होती, ती काढली. गोमा पेट्रोलमध्ये तेल किती घालतो ते विचारलं, माप बरोबर होतं. दोन्ही प्लग काढून रुमालावर ठेवले. वरचा पांढराफटक जळलेला, खालचा तेलकट काळा. एकाच तव्यावर टाकलेल्या दोन भाकऱ्यांतली एक करपावी आणि दुसरी कच्ची राहावी, तसं. मशीन थंड झाल्यावर पुन्हा चालू केलं. धार पहिल्यासारखी जोरात आली. थोडं गेलो आणि पुन्हा वास आला.

मला चीड आली ती त्या गॅरेजवाल्याची. "गोमा, ऐक. ओढून चालवलं असतं तर दोन्ही सिलिंडर तापले असते. तेल कमी पडलं असतं तरी दोन्ही. पंप गेला असता तर धारच आली नसती. तापतो तो एकटा वरचा. म्हणजे पाणी वर येतंय, पण वरच्याभोवती फिरत नाही. यात तुझा काय दोष?"

"ह्या पंचांना सांगाल, मास्तर?"

"सांगेन म्हणजे काय! ऐकवीन!"

हे ऐकवायच्या भरात मी उभा राहिलो, होडी कलली आणि छत्री गेली. तोवर भरतीही संपली होती. ओहोटीचं पाणी आम्हाला परत ठाण्याकडे ओढायला लागलं. वल्हं एकच होतं, कारण मशीन आल्यापासून दुसरं गोमाच्या घरी मांडवाला लावलेलं होतं. मग मी वडिलांचा शिसवी पाट उचलला आणि त्याने वल्हवायला लागलो. ज्या पाटावर आमचे वडील दुपारी वामकुक्षी घेत, त्याने मी खाडीचं पाणी मागे ढकलत होतो, आणि तो पार्सलवाला आपल्या खिडकीत पंख्याखाली बसला असेल असं मनात आलं की पाट आणखी जोरात चालायचा.

गाव

गावाच्या धक्क्याला लागलो तेव्हा पाणी खूप उतरलं होतं. धक्क्याच्या दगडी पायऱ्यांपर्यंत चिखलातून जावं लागलं. मी दोनदा बसलो. धक्क्यावर माणसं होती. त्यांनी मला हात दिला, पाट उचलून घेतला, गोमाला मात्र कोणी ओळखसुद्धा दाखवली नाही.

पाटलांनी मला घरी नेलं. पाटील म्हणजे उंच, गोरेगोमटे, बोलायला अत्यंत गोड. पाय धुवायला गरम पाणी दिलं, वेलदोड्याचा चहा दिला. "मास्तर, तुमी शिकलेली मानसं," ते म्हणाले, "त्या गोम्याचे नादी कशाला लागता? गावाचा मशीन त्यानं जालला. आमी काय, त्याचं वाईट नाय चिंतत. पन गावाचा न्याय हाय."

मी सिलिंडरांची गोष्ट सांगितली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाले, "च्या आनखी घ्या."

जेवायला मी गोमाकडे गेलो. पाटलांना ते आवडलं नाही, पण मला त्या गोड माणसाच्या पंगतीत बसवेना. राधीने तांदळाच्या पातळ भाकऱ्या आणि चिंबोऱ्यांचं कालवण केलं होतं. आम्हीही मासे खाणारे, पण आमच्याकडे चिंबोरी ओल्या खोबऱ्यात बुडवून तिचा साधू करून टाकतात. इथे लाल मिरची आणि लसूण, दुसरं काही नाही. डोळ्यांतून पाणी काढत मी तिसरी भाकरी घेतली. आमच्या घरी मासळी करताना चार भांडी आणि आठ सूचना लागतात. राधीने एका मडक्यात सगळं आटोपलं होतं.

पाणी मागितलं तर तिने तांब्या जरा जपून दिला. मला वाटलं, पाहुण्याचा संकोच. मग ती म्हणाली, "जपून प्या, मास्तर. खालच्या बावीवरून आनलाय, लांब हाय. गावच्या बावीवर मी गेली की बाया हांडे उचलून बाजूला होतान. आमच्या हातची मासली तुमच्या ठान्यात चालते, नि हितं आमचं पानी चालत नाय."

"पंच बसायच्या आधीच?"

"पंच कनाला पायजे? गॅरेजवाला बोलला ना."

मी भाकरी ताटात ठेवली. गोमा खाली मान घालून जेवत होता. त्याच्यावर उगाच खेकसलो, "अरे, तू तरी काही बोल की!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन काढून त्याच्या अंगणात आणलं. आत गेलेलं पाणी कुठून तरी बाहेर पडलंच पाहिजे, ही साधी गोष्ट धरून मी बसलो. खालच्या सिलिंडरला बाहेर पडायचं भोक आहे. वरच्याला का नसावं? करणाऱ्याने दोन सिलिंडर अगदी सारखे केले होते. मी खालच्या भोकापासून सरळ वर बोट नेलं. बोट चांदीच्या डोळ्यांवर जाऊन टेकलं.

"गोमा, पहिल्या साली या मशीनला धारा किती होत्या?"

तो आठवत राहिला. "दोन."

"मग?"

"मंग पाटील दर पुनवंला देवाला टिला लावाया लागला. वरची हलूहलू बारीक जाली, नि बंदच जाली. पाटील बोलला, बरा जाला, देवानं पान्याची गलती थांबवली."

मी कपाळावर हात मारून घेतला. होडी धक्क्याला बांधली की मशीनची उजवी बाजू पायऱ्यांकडे येते. पाटील पायरीवर उभे राहणार, त्यांच्या हाताच्या उंचीवर वरचं भोक येणार, आणि टिळ्याला मधोमध जागा असावी म्हणून ते बरोबर त्याच भोकावर टिळा लावणार. दर पुनवेला एक थर. आमच्या कार्यशाळेत पाइपांचे सांधे गळू नयेत म्हणून आम्ही काय भरतो? तेलात कालवलेला शेंदूर! दगडासारखा होतो तो. गावाने मशीन विकत घेतलं, महिन्याच्या महिन्याला त्याचं नाक बुजवलं, आणि ते गुदमरलं म्हणून गोमाला वाळीत टाकलं.

मी पाटलांना बोलावून आणलं. पंच आले, बायकाही आल्या. मी खिळा हातात घेऊन म्हणालो, "हा शेंदूर काढू द्या. याच्याखाली भोक आहे. नसलं तर मला याच खाडीत ढकला."

कोणीतरी मागून ओरडलं, "देवाला नागडा करता काय?"

पाटील हसले नाहीत, चिडले नाहीत. "मास्तर, या मशीनला टिला लावायचा मान आमच्या घराचा. बसवलेला देव खिल्यानं खरवडायचा? तुमच्या ठान्यात खरवडतान?"

मी गोमाकडे बघितलं. त्याच्या एका शब्दाचं काम होतं. तो म्हणाला, "नको, मास्तर. राहू द्या. होडी जाते तं जाऊ द्या."

मला जेवढा राग पार्सलवाल्याचा आला होता, गॅरेजवाल्याचा आला होता, पाटलांचा आला होता, तो सगळा मिळून त्या क्षणी गोमावर आला. याच्या पोटावर पाय येत होता आणि हा पाय देणाऱ्याच्या पायाला धक्का लागू नये म्हणून अंग चोरत होता! मी खिळा फेकला आणि खाडीच्या काठी जाऊन बसलो. तिथे राधी जाळं दुरुस्त करत होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्याला राग नका करू. त्यो भ्याला नाय. देवाला खिला लावून होडी वाचवली नि उद्या पान्यात पोर पडला, तं गाव काय बोलनार? त्यो काय बोलनार?"

 त्यातच पाटलांचा प्रश्नही डोक्यात ठुसठुसत होता. ठाण्यात आम्ही खरवडतो का? मागे आमच्या आळीतल्या मारुतीने खोळ टाकली, म्हणजे वर्षानुवर्षांच्या शेंदराचं कवच आपसूक गळून पडलं, तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिरवणूक काढली होती. वकील पुढे, डॉक्टर मागे, आणि मी गुलाल अंगावर घेऊन मधे. त्या आठवणीने राग निवायच्या ऐवजी वाढला, पण एक गोष्ट मात्र सुचली.

मी उठून पाटलांकडे गेलो. "आणि देवाने आपणहून खोळ टाकली तर?"

"मंग त्याची मर्जी. कोन अडवील?"

"उद्या भरतीला, पंच बसतील तेव्हा मशीन सगळ्यांसमोर सावकाश चालवून दाखवतो. शेंदराला मी हात लावणार नाही."

पाटलांनी विचार केला. हात न लावण्याचं वचन त्यांना पुरेसं वाटलं.

पुनव

पुनवेची भरती दुपारी येते. पाणी वरच्या पायरीपर्यंत चढलं होतं. धक्क्यावर दोन दगड ठेवून त्यांवर माझ्या वडिलांचा पाट टाकला होता आणि त्यावर पंच बसले होते, मधोमध पाटील. गोमाचा हक्क काढून घ्यायला गावात दुसरं आसन मिळालं नाही! "पाट झकास हाय, मास्तर," पाटील म्हणाले. मी दात आवळले.

होडी खुंटाला बांधून गोमाने मशीन चालू केलं. अगदी सावकाश, एखाद्या म्हातारीला पैलतीराला नेतो तसं. सगळ्यांनी पाहिलं. खालची धार पायऱ्यांच्या बाजूला तिरपी पडत होती. थोड्या वेळाने मी पाटलांना म्हणालो, "खाली हात लावा." ते वाकले. "कोमट हाय."

"आता वर."

वर त्यांनी आधी नमस्कार केला, मग शेंदराशेजारी तळवा टेकवला आणि 'आयो' करून मागे घेतला. पंचांत कुजबुज झाली.

"ओढून चालवलं का कोणी?" मी विचारलं. "बाहेरच्या पाण्यात नेलं का? तुमच्यासमोर, खुंटाला बांधलेल्या होडीत, एक सिलिंडर कोमट आणि दुसऱ्याने हात भाजतो. हे गोमाने कसं केलं, ते पंचांनी सांगावं."

सगळे पाटलांकडे बघू लागले. ते तळवा फुंकत म्हणाले, "देव कोपलाय त्याच्यावर."

झालं! कारण सापडलं नाही तर देव आहेच. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी खांद्यावरच्या पंच्याचा बोळा ओला केला, तो अंगठ्यावर गुंडाळला आणि खालच्या भोकावर दाबून धरला.

"ह्यो काय?" पाटील.

"शेंदराला हात लावलेला नाही," मी म्हणालो.

खालची धार बंद झाली. पंप पाणी वर चढवतच होता आणि आता त्याला बाहेर पडायला एकच वाट उरली होती, तीही बुजवलेली. मशीनच्या आत घुर्रघुर्र सुरू झाली. बोळ्यातून गरम पाणी अंगठ्यावर यायला लागलं. मी दात-ओठ खात दाबून धरलं. गोमा सुकाणूपाशी डोळे मिटून बसला होता, त्याचे ओठ हलत होते. तापून तापून शेंदूर आतून सुटला असणार, कारण गोळ्याच्या कडेला एक बारीक चीर पडली आणि त्यातून वाफेची शीळ आली. चांदीचे डोळे थरथरले. आणि मग बार उडाल्यासारखा आवाज झाला, गोळा डोळ्यांसकट सुटून पाटलांच्या छातीवर बसला आणि त्याच्यामागून तांबडं, कढत पाणी पायऱ्यांवर, पाटावर, पंचांच्या धोतरांवर उडालं. पंच पाट सोडून पळाले.

मी अंगठा काढला. दोन धारा. वरची आधी तांबडी, मग गढूळ आणि मग खाडीच्या पाण्यासारखीच झाली. थोड्या वेळाने मी वरच्या सिलिंडरवर तळवा ठेवला आणि ठेवूनच राहिलो.

"देवानं खोल टाकली!" पाटीलच आधी ओरडले आणि मशीनसमोर आडवे झाले. मग काय विचारता! नारळ फुटले, ढोलकं आलं. मला खोबरं दिलं, पाटलांना खोबरं दिलं. मी वाट बघत होतो की आता तरी कोणी गोमाजवळ जाईल, म्हणेल की बाबा, चुकलं. कोणी गेलं नाही. पाटील उठून गंभीरपणे म्हणाले, "देवाचा कौल जाला. होडी गोमाकडंच राहील." जणू आदल्या दिवसापर्यंत ती देवानेच काढून घेतली होती! मी तोंड उघडणार तोच राधीने मला खूण केली. गावच्या विहिरीवर ती हंडा घेऊन निघाली होती आणि तिथल्या बायका आपापले हंडे जागेवर ठेवून उभ्या होत्या. मी तोंड मिटलं. एवढ्या वेळात तेवढं एकदाच मिटलं.

कल्याण

दुसऱ्या दिवशी भरती धरून आम्ही कल्याणला निघालो. पाट होडीत ठेवला. त्यावर शेंदराचा मोठा तांबडा डाग पडला होता आणि तो कशानेही निघत नव्हता. गोमाने मशीनला दोरी लावली, तेवढ्यात पायऱ्यांवर पाटील आले. हातात वाटी, वाटीत तेलात कालवलेला ताजा शेंदूर.

"देव उघडा हाय," ते म्हणाले. "टिला लावल्याबिगर कसा पाठवायचा?"

मी ओरडलो. काय काय ओरडलो ते आठवत नाही, पण सांधे, पाइप, पंप आणि गाढव हे शब्द त्यात नक्की होते. पाटलांनी ऐकून घेतलं. आदल्या दिवशी काय घडलं हे त्यांना कळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्यांची छाती भाजलेली मला दिसत होती. पण मान म्हणजे मान. तो दिला नाही तर आज्याच्या आज्यापासूनचं घराणं पायऱ्या उतरून खाली येणार होतं. ते वाकले, अंगठा शेंदरात बुडवला आणि मशीनच्या त्याच जागेकडे नेला.

मधे गोमाचं डोकं आलं. तो सुकाणूवरून उठला, मशीन आणि पाटील यांच्या मधे वाकला आणि पाटलांच्या अंगठ्यापुढे त्याने आपलं कपाळ धरलं.

"हितं लावा, पाटील," तो म्हणाला. "मशीन तापला तं मुका. मी तापलो तं बोलन तरी."

पाटलांचा अंगठा हवेतच थांबला. पायऱ्यांवर माणसं जमली होती.  मग पाटलांनी, वाळीत टाकलेल्या त्या माणसाच्या कपाळावर, भुवयांच्या मधोमध, शेंदराचा टिळा लावला.  गोमाने नमस्कार केला, त्यांनीही केला, आणि आम्ही निघालो.

दुर्गाडीच्या बुरुजाखाली लागेपर्यंत दोन्ही धारा सारख्या पडत होत्या. गोमाने वाटेत एकदाही कपाळ पुसायला हात वर नेला नाही. बहिणीच्या सासूबाईंनी पाटावरचा शेंदूर बघितला आणि त्या जागेवर आता कोणी बसत नाही. तिथे रोज फूल वाहतात. मी त्यावर एक अक्षर बोललो नाही. माझा अंगठा अजून बांधलेला होता आणि मी थकलो होतो.

परत येताना झोपाळा नव्हता, म्हणून आगगाडीने आलो. पार्सलच्या खिडकीत जाऊन सांगितलं, की तुमचं यंत्र पोहोचलं. गृहस्थ म्हणाले, "पावती दाखवा."

आता दर पुनवेनंतर गोमा मासळी घेऊन ठाण्याच्या बंदराला लागतो, तेव्हा मी मुद्दाम धक्क्यावर जातो. मशीनकडे बघत नाही. आधी त्याचं कपाळ बघतो. त्यावर ताजा शेंदूर दिसला की समजतो, मशीन थंड आहे.